नानांचं धोतर आणि केळीचा घड

"नाना, धोतर सोडा," असं मी चोपड्याजवळच्या त्या केळीच्या बागेत म्हणालो आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाना सत्तरीचे, उंची जेमतेम पाच फूट, पण गावात त्यांचा शब्द कोणी मोडत नसे. शेजारी त्यांचे दोन आडदांड मुलगे उभे होते.

"धोतर सोडीसन मी काय चड्डीवर उभा राहू?" नाना म्हणाले.

जळगावात तेव्हा माझा स्टुडिओ होता. साठचं दशक संपत आलं होतं. धुळ्याच्या शेतकी प्रदर्शनात केळीच्या घडाचा फोटो पाठवायचा असे, कारण खरा घड तोवर पिकून गळायचा. आदल्या वर्षीचा फोटो मीच काढला होता. तो बघून नाना म्हणाले होते, "हाऊ मना घड शे का कांदानी जुडी?" पहिला नंबर नानांच्या व्याह्यांनी मारला. मग वर्षभर प्रत्येक लग्नात व्याही चारचौघांत नानांच्या जुडीची विचारपूस करत. यंदाही हरलो असतो तर नानांनी मला गावात पाऊल ठेवू दिलं नसतं. आणि त्यांचं काही चुकलं नसतं.

गाढवपणा माझाच होता. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये हिरवा घड आणि हिरवी पानं एकाच राखाडी रंगाची येतात. कॉन्ट्रास्ट हवा, म्हणजे गडद वस्तूमागे पांढरं काहीतरी हवं. शिवाय घड मोठा दिसायला जवळ लहान काहीतरी लागतं. आदल्या वर्षी मी जवळ उभे केले होते नानांचे हेच दोन पैलवान.

दुपारी घड कापायला माणसं येणार होती. घर दोन मैलांवर. बागेत मोठं पांढरं कापड एकच होतं, आणि ते नाना नेसले होते.

"व्याह्यांचा यंदाचा घड बघितलात का?" मी सहज विचारलं.

धोतर सुटलं.

मुलांनी ते मागे ताणून धरलं. घड नानांचा, त्यामुळे फोटोत नाना हवेतच. पण पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीची लाज वाटून ते घडाच्या मागे लपले. वर टोपी आणि मिशा, खाली दोन काटकुळे पाय, मधला अख्खा नाना घडाने गिळलेला. त्यांना लहान दिसायला सांगायची माझी हिंमत नव्हती. ते काम चड्डीने केलं. मी कॅमेरा घडाच्या आणखी जवळ नेला आणि बटण दाबलं.

पहिला नंबर आला. बैठकीत लावायला नानांनी मोठी प्रिंट मागितली. मी अदबीने खालचे पाय कापून दिली. नानांनी ती बराच वेळ न्याहाळली आणि परत माझ्या हातात ठेवली.

"भाऊ, पाय परत लाई दे. घड न्हाना दिसस."

मी वीस वर्षं फोटो काढून जे शिकलो, ते नाना चड्डीवर अर्ध्या तासात शिकले होते. पायांसकट प्रिंट बैठकीत लागली, व्याह्यांच्या नेहमीच्या खुर्चीसमोर.