पिवळ्या पट्टीखालचे हात

भंगारशेठनं स्वतःच्या बायकोचा व्हिडिओ नेटवर टाकला आणि तो चार लाख लोकांनी पाहिला! तिसऱ्या मजल्यावर निघालेली ही बातमी जिना उतरता उतरता इतकी फुगली, की तळमजल्यावरच्या इस्त्रीवाल्यानं दोन्ही कानांना हात लावले. "या वयात?" असं म्हणून त्यानं घाईघाईनं आपला फोन चार्जिंगवरून काढला.

बिचाऱ्याची निराशाच झाली. व्हिडिओतली बाई गळ्यापासून गुडघ्यापर्यंत रबरी एप्रनात होती. व्हिडिओ पस्तीस वर्षांपूर्वीचा होता. आणि ती आपली बायको आहे, हे टाकताना खुद्द भंगारशेठलाच ठाऊक नव्हतं.

भंगारशेठ हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं, त्यानंही ते मुकाट्यानं घालून घेतलं. माणूस टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा. त्याचं दुकान एवढं अरुंद होतं की गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहायचं आणि आत फक्त त्याचा टेप जायचा. एकतीस वर्षं त्यानं माणसं अशी दारातूनच पाहिली आणि यंत्रं मात्र उघडून पाहिली. सगळ्यांचं गाणं फोनात शिरलं तेव्हा दुकान बंद पडलं. मग भाच्यानं दिलेल्या जुन्या लॅपटॉपवर तो नेटवरची अडगळ उपसायला लागला. बुटाच्या आकाराचा टेलिफोन. टोपीत बसवलेला रेडिओ. दोन कॅसेटी एकदम घालून दोन्ही गुंडाळून ठेवणारा टेप. कुठल्या कुठल्या विसरलेल्या जाहिराती, त्यातले फुगीर केस आणि फुगीर बाह्या. रोज सकाळी दहाला एक नग 'अडगळ' नावाच्या ग्रुपवर टाकायचा आणि त्याच्या तळाशी जाड पिवळी पट्टी मारून एक चावरी ओळ लिहायची, हा त्याचा शिरस्ता. पट्टी ही त्याची खूण. लोक म्हणे पट्टी वाचायलाच यायचे. घरात ज्याला भाजी आणायलाही कुणी विचारत नव्हतं, त्याच्या सकाळच्या नगाची चाळीस हजार माणसं वाट पाहत होती. डोक्यात हवा जाणारच.

घरात बायको. तिचे दोन्ही हात थरथरायचे. साधं थरथरणं नव्हे. कप धरला तर बशीत चहा आणि चहात बशी. बटणं तो लावून द्यायचा, घास भरवताना ती भिंतीकडे बघायची. लग्नाआधी सात वर्षं ती टेपरेकॉर्डरच्याच एका कारखान्यात होती. सुटे भाग एका उग्र वासाच्या द्रवात बुडवून धुवायचे, उघड्या हातांनी. तो द्रव नसांत उतरतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. पण ज्यांचा आजार कामामुळे झाला, त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना होता आणि तिथे दाखल व्हायला सरकारी कामगार मंडळाचा शिक्का लागायचा. मंडळ म्हणायचं, कारखाना बुडाला, उरलेल्या कागदांत बायका फक्त पॅकिंगला दिसतात. धुलाईत बाई होती याचा पुरावा आणा. दोनदा अर्ज केला, दोनदा परत आला. दवाखाना यंदापुरताच नवे रोगी घेणार होता.

अशात भंगारशेठला नेटवर एक फिल्म सापडली. कुठल्याशा कारखान्याची, बावीस मिनिटांची, स्वतःचीच टिमकी वाजवणारी. नावाची पाटी फाटलेली. त्याची नजर गेली ती गोल फिरणाऱ्या टोपल्यांच्या यंत्रावर. यंत्रापुढे पाच बायका, डोक्यावर मडक्याएवढे अंबाडे, संगीताच्या ठेक्यावर घमेल्यावर एकदम वाकतायत, एकदम उठतायत. त्यानं सहा सेकंद कापले, तळाशी पट्टी मारली: "आमच्या काळचं ब्यूटी पार्लर, केस वर आणि अक्कल पाण्यात!" मग लॅपटॉपवर उतरवून घेतलेली मूळ फिल्म पुसून टाकली. तो नेहमीच पुसायचा. काम झालं की टेबल झाडून घ्यायचं, ही दुकानातली सवय.

दोन दिवसांत चार लाख.

तिसऱ्या दिवशी शेजारची शिवणवाली फोन नाचवत घरात शिरली. "वहिनी, बघा तरी, भाऊजींनी कसला नमुना काढलाय! हसून हसून मेले मी."

वहिनींनी पाहिलं. पुन्हा लावायला सांगितलं.

"डावीकडून दुसरी," त्या म्हणाल्या, "ती मी."

शिवणवालीचं हसू तोंडातच राहिलं. भंगारशेठ चष्मा शोधत आला, चष्मा कपाळावरच होता. त्यानं स्क्रीन नाकाला लावली.

"तू? ही?"

"अहो, मीच. बाजूची ती ठेंगणी, गेल्या वर्षी गेली बघा, ती." मग म्हणाल्या, "टोपल्यांचं यंत्र मात्र बरोबर ओळखलंत तुम्ही. कुठल्या सालचं तेही सांगाल."

पुढच्याच क्षणी त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: अगं, हाच तर पुरावा! आणि त्याच उजेडात त्याला ती पट्टी दिसली. द्रवाचं घमेलं आणि घमेल्यातले हात होते नेमके चित्राच्या तळाशी. पिवळ्या रंगाखाली.

तो नेटवरच्या मूळ फिल्मकडे धावला. तिथे 'ही फिल्म काढून टाकली आहे' एवढंच. पट्टीवर हसून झालेली हजारो माणसं तिकडे लोटली होती. त्यातल्या कुणीतरी संगीत चोरीचं असल्याची तक्रार ठोकली, आणि फिल्म टाकणाऱ्यानं घाबरून सगळंच उतरवलं. त्याला कळवळून पत्र लिहिलं. उत्तर आलं: रीळ कुजलं होतं, फेकलं. ज्या डिस्कवर उतरवलं होतं ती कोरी करून विकली. माफ करा, तुमच्या पट्ट्या मला फार आवडतात.

मग ग्रुपवर विनवणी: त्यातली एक माझी बायको आहे, कुणी जपून ठेवलंय का? हजारोंनी ठेवलं होतं. सगळ्यांनी पट्टीसकट. एकानं वर विचारलं, "काका, स्वतःची बायको असून आधी ओळखलं नाहीत?" भंगारशेठ खरं बोलणारा माणूस. त्यानं चारचौघांत लिहिलं, "नाही ओळखलं."

तरी तो मंडळापुढे गेलाच. लांब टेबल, पलीकडे तीन साहेब, अलीकडे दोन खुर्च्या. बायको हात मांड्यांखाली दाबून बसली होती; खुर्ची तेवढी टकटकत होती. लॅपटॉपवर सहा सेकंद फिरले. उजवीकडच्या साहेबानं पट्टी वाचली आणि फिसकन हसला, मग खोकल्यासारखं केलं.

"हात कुठायत?" मधल्यानं विचारलं.

"पट्टीखाली."

"मग काढा की पट्टी."

"निघत नाही, साहेब. चित्रातच मुरलीय."

"लावली कुणी?"

"मी."

मधल्यानं पेन खाली ठेवलं. "घमेल्यात काय आहे दिसत नाही. हात दिसत नाहीत. कारखान्याचं नाव नाही."

"चेहरा तर दिसतोय! इकडे बघा, तिकडे बघा. नाक तेच आहे."

"पस्तीस वर्षांपूर्वीचं नाक, काका."

"नाक काय दर पाच वर्षांनी बदलतं?"

साहेबानं कागद उलटला. त्यावर भंगारशेठचीच ग्रुपवरची ओळ छापलेली होती. आवाज त्यानं मऊ केला, नकार देताना करतात तसा. "हे तुम्हीच लिहिलंय ना? तीस वर्षांच्या संसारानंतर तुम्ही तिला ओळखलं नाहीत, मग मंडळानं कसं ओळखायचं? अर्ज नामंजूर करावा लागतोय."

शिक्का उठला. बायकोनं त्याची बाही ओढली, चला म्हणून. बाही तिच्या हाताबरोबर हलायला लागली. तो उठला नाही.

"नाही ओळखलं, साहेब," भंगारशेठ म्हणाला. "पट्टी मारायच्या आधी मी हात पाहिले होते. स्थिर होते. माझ्या घरात आली तेव्हापासून मी तिचे तसले हात कधी पाहिलेच नाहीत."