एका सहीचा अर्ज

ती वही अजून कपाटात आहे. उघडायचा कंटाळा येतो, फेकवतही नाही.

लातूर नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या एका दुष्काळातली ती. मी लग्न होऊन गल्लीत आले होते आणि माहेरच्या सवयीनं यादी ठेवत होते: नळाला पाणी कोणत्या दिवशी आलं, किती वेळ टिकलं, आमच्या खालच्या टोकाला किती घागरी भरल्या. शेवटचा रकाना होता 'मोटारीचा आवाज'. वरच्या अंगाची दोन घरं नळाला मोटार लावून पाणी ओढायची. भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

पाणी पुरेना तेव्हा गल्लीनं ठरवलं, पाणी सोडणाऱ्याविरुद्ध अर्ज द्यायचा. तो रोजंदारीवर होता. सायकलवर यायचा, लोखंडी चावीनं व्हॉल्व्ह फिरवायचा, सगळ्यांच्या शिव्या खायचा. शेजारच्या काकू म्हणाल्या, "तुझ्याकडं यादी हाय, अक्षर बी चांगलं हाय. लिव की तूच."

मी पक्की प्रत केली आणि मोटारीचा रकाना गाळला. त्या दोन घरांच्याही सह्या हव्या होत्या. शिवाय असे अर्ज गल्लीनं आधीही केले होते. ते जुन्या जिल्ह्याच्या गावी जायचे आणि काही व्हायचं नाही. सही केली की मन हलकं व्हायचं, एवढाच उपयोग. सगळ्यांनी सह्या केल्या, मोटारवाल्यांनी सर्वांत आधी.

पण आता कचेरी गावातच होती. चार दिवसांत त्याला कामावरून काढलं. तसं पत्र आलं, वर लिहिलेलं: 'गल्लीतील समस्त रहिवासी यांस.'

नवा माणूस आला. पाणी तेवढंच आलं. मी रकाना भरला: आवाज, दोन.

मग तो जुना दारात आला. "बाई, माझं चुकलं काय, तेवढं सांगा. दुसरीकडं काम मागाय गेलो तर लोक इचारतेत."

"अर्ज सगळ्यांनी मिळून दिलाय," मी म्हटलं.

"हाव. म्हणून तर कुणाला इचारावं कळंना. अक्षर तुमचं हाय म्हणले."

तो गेल्यावर मी वहीतली यादी मोटारीच्या रकान्यासकट उतरवली, त्याची चूक नव्हती असं खाली लिहिलं, आणि सह्यांसाठी निघाले. पहिलं घर काकूंचं.

"सगळ्यांनी केलं ते. तू एकटीच कशाला जीवाला लावून घेतीस?"

मी पेन पुढं केलं. काकूंनी हात पदराखाली घेतले. "अन् लिवलं तर तूच की!"

पुढच्या घरांतून यापेक्षा वेगळं काही ऐकलं नाही. शेवटी माझी एकटीची सही करून कचेरीत गेले. कारकुनानं कागद उलटून मागची बाजू पाहिली.

"बाकीच्या सह्या?"

"एवढीच आहे."

"मग वेळ लागंल."

लागला. पाऊस झाला, नळ नीट वाहू लागले, गल्ली अर्ज विसरली. दिवाळीनंतर पाकीट आलं. 'सदर इसम कुटुंबासह नांदेडकडे गेल्याचे समजते. पत्ता मिळून आला नाही. सबब प्रकरण बंद करण्यात येत आहे.'

पत्र मी वहीत ठेवलं, पहिल्या पत्राशेजारी. सासूबाईंनी विचारलं, "गल्लीचं हाय का?"

"नाही," मी म्हटलं. "माझं आहे."