पाटीखालचं पीठ

आमच्या घरमालकीण तुळजाबाई यांना मी अकरा वर्षं ओळखते. त्यातली पहिली दोन वर्षं मला त्यांचा निव्वळ राग यायचा. वारज्यात टेकडीच्या अगदी पायथ्याशी त्यांचं तीन मजली घर. खाली त्या आणि त्यांचे यजमान गेनबा, मधल्या मजल्यावर त्यांचा बिनलग्नाचा मुलगा संतोष आणि सगळ्यात वर मी, भाडेकरू. मी शाळेत शिकवते, नवरा नोकरीसाठी नागपूरला. एकटी राहणारी बाई म्हटल्यावर माझ्यावर लक्ष ठेवायचा मक्ता तुळजाबाईंनी परस्पर घेऊन टाकला होता. माझं दूध उतू गेलं की खालून हाक यायची, "बाई, ग्यास बंद करा!" करपल्याचा वास मला यायच्या आधी त्यांना कसा येतो, हे कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

राग गेला तो माझ्या टायफॉइडमध्ये. बारा दिवस त्यांनी मला पेज करून घातली आणि बरी झाल्यावर आभार मानायला गेले तर म्हणाल्या, "उगा गोड बोलू नका. भांडी घासून पाठवा." असं हे माणूस. पुण्यातल्या मूळच्या शेतकरी बायकांना कौतुक पचत नाही, आणि करताही येत नाही.

गेनबांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. त्यानंतर दोघांच्या वाटचं तुळजाबाईच बोलायच्या. "पानी पाह्यजे? चा पाह्यजे? का कूस बदलायची?" म्हाताऱ्याच्या तोंडून नुसता एक घोगरा आवाज निघायचा. त्याचा अर्थ त्या लावायच्या, तो बहुतेकदा चुकायचा, मग गेनबा डाव्या हाताने गादीवर आपटायचे. एकदा जिन्यात बसून मला म्हणाल्या होत्या, "पंचेचाळीस वर्सं ह्यो मानूस बोलत हुता तवा म्या ऐकलं न्हाय. आता ऐकायला बसलीय तर ह्यो बोलंना." त्या रडत नव्हत्या.

यंदा मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेनबा गेले, आणि नवव्या दिवशी टेकडी पेटली.

ती पेटणार हे तुळजाबाई दिवाळीपासून सांगत होत्या. लग्न होऊन आल्या तेव्हा याच टेकडीवर त्यांनी शेरडं राखली होती. त्या वेळी संक्रांत झाली की गावची माणसं पायथ्याचं गवत कापून मोकळा पट्टा करायची, म्हणजे वर वणवा लागला तरी खाली उतरायला त्याला वाट नसायची. आता वर कुंपण आहे, फलक आहे, आणि पट्टा करायला कुणी नाही. यंदाचा पाऊस नवरात्रापर्यंत रेंगाळला आणि गवत कमरेला लागलं. सकाळी फिरायला जाणाऱ्यांना तुळजाबाई दारातून सांगायच्या, "आवो, गवत कापा म्हनावं कुनाला तरी." त्यावर एका पांढऱ्या बुटांच्या गृहस्थांनी त्यांना समजावलं, "आजी, नेचर आहे ते. नेचरला हात लावायचा नसतो." हे गृहस्थ त्या शनिवारी कुठे होते कोण जाणे.

शनिवारी दुपारी एकच्या सुमारास शाळेतून आले तेव्हा टेकडीच्या पलीकडून धूर दिसत होता. कुणी म्हणे बिडी टाकली, कुणी म्हणे वाढदिवसाचे फटाके. दोन वाजता धूर अलीकडे आला, आणि तीन वाजता मला माझ्या गच्चीतून ज्वाळा दिसायला लागल्या. लांबून वणवा अगदी सावकाश चालल्यासारखा दिसतो. मग वारा फिरतो आणि मघाशी होतं ते झाड आता नाही, हे लक्षात येतं. तडतड असा आवाज सारखा येत होता आणि काळी जळकी पाती माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडत होती. मी ती झटकत बसले, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. संतोष आणि गल्लीतली दहाबारा माणसं करंजाच्या ओल्या फांद्या घेऊन वर गेली होती. आगीचा बंब आला, तो गल्लीच्या तोंडाशीच अडकला, कारण आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना आमच्याच लाडक्या गाड्या उभ्या होत्या. अर्ध्यांचे मालक फोन उचलत नव्हते.

साडेचारला पोलीस कर्णा घेऊन आले. गल्ली रिकामी करा, सिलिंडर बाहेर आणून ठेवा, कोपऱ्यावरच्या देवळाच्या सभामंडपात जाऊन बसा. मी बिबवेवाडीला भावाला फोन केला. साईनाथ म्हणाला, "ताई, हायवेच्या कडेला येऊन थांबतो, निघ." त्याच्या मुलीचं, ऋतुजाचं, लग्न बुधवारी होतं. घरात मुहूर्तमेढ रोवून झाली होती आणि मुलीच्या दोन साड्या फॉल लावायला माझ्याकडे होत्या. त्या घेतल्या. दाखले घेतले, भाडेकराराची कागदपत्रं घेतली, आणि सातवीच्या इतिहासाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेतला. अंगावर आग येत असताना मास्तरीण काय वाचवते, तर बावन्न मुलांनी पानिपताबद्दल ठोकून दिलेल्या थापा! सिलिंडर ओढत जिना उतरवला आणि खाली तुळजाबाईंच्या दारात गेले.

त्या भिंतीशी बसल्या होत्या. गेनबांचा पलंग काढून टाकलेला, त्या जागी जमिनीवर तेलाचा दिवा, आणि शेजारी एक वेताची पाटी पालथी घातलेली.

"मावशी, चला. पोलीस आलेत."

"तुमी जावा."

"अहो, आग कुंपणापर्यंत आलीय."

"दिसतीय मला. आंदळी न्हाय मी." मग त्यांनी पाटीकडे बोट केलं. "उद्या धावा हाय. उद्या सकाळी पाटी उचलायची. आज घर सोडून कसं चालंल?"

तेव्हा मला त्या पाटीचा उलगडा झाला. माणूस गेला त्या जागी पीठ पसरायचं, त्यावर पाटी झाकायची, आणि दहाव्याला नदीवर जाण्याआधी उचलून बघायची. पिठात कुणाचा पाय उमटलाय, पाखराचा, गाईचा, मुंगीचा, त्यावरून गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते कळतं. तोवर दिवा विझू द्यायचा नाही आणि घराला कुलूप लावायचं नाही. माझा यावर विश्वास नाही. पण तुळजाबाई पुढे म्हणाल्या, "तीन वर्सं काय बोलला न्हाय त्यो. जाताना बी न्हाय. आता ह्यातनंच काय सांगंल ते." आणि हातातली बॅग खाली ठेवून मी त्यांच्यापाशी बसले.

मी म्हणाले, "दिवा बरोबर घ्या. पीठ पाटीखाली आहे, त्याला काय होतंय? दार नुसतं ओढून घेऊ, कुलूप नको. उद्या सकाळी येऊन उचला."

"आन रातभर कुटं बसू? सुतक हाय मला. देवळात पाय ठेवता येत न्हाय. भावकी समदी मुळशीकडं. कोन घील दिव्यासकट?"

"मी आहे ना मावशी," मी म्हणाले. "तुम्हाला उघड्यावर टाकून मी जाईन का?"

हे वाक्य मी बोलले. अगदी मनापासून बोलले, हेच मला आता सहन होत नाही. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि उठल्या. दिवा स्टीलच्या उभ्या डब्यात ठेवला, तेलाची बाटली कनवटीला लावावी तशी पदरात बांधली. बाकी काही घेतलं नाही. निघताना पाटीवर हात ठेवून म्हणाल्या, "येते सकाळी."

देवळाचा सभामंडप भरला होता. माणसं, पिशव्या, पोपटाचा पिंजरा, ऑक्सिजनचं यंत्र लावलेले एक आजोबा. तुळजाबाई पायरीच्या अलीकडे थांबल्या. देवळाचं पाहणारे बाबुराव बाहेर आले. हातातला डबा पाहून त्यांना कळायचं ते कळलं. माणूस वाईट नाही, गेनबांच्या मातीला आला होता. "बसा की तुळजाबाई," ते म्हणाले. "हितं चपला ठेवत्यात तितं बसा. वारं बी चांगलं हाय." त्याच वाऱ्याने टेकडी पेटवली होती. आतली माणसं एकाएकी आपापल्या फोनमध्ये बघायला लागली. जा असं कुणी म्हणालं नाही, ये असंही नाही.

तेवढ्यात साईनाथ गाडी घेऊन तिथवरच आला. मागची सीट रिकामी होती. त्याने माझी बॅग आत टाकली आणि तुळजाबाईंकडे बघून विचारलं, "ताई, या पण येतायत का?"

त्याने सरळ विचारलं. तो घ्यायला तयार होता. आणि मी, शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी मी, हळू आवाजात म्हणाले, "त्यांना सुतक आहे रे. लग्नघर आहे आपलं." कुणी मला विचारलं नव्हतं. वहिनी काय म्हणेल, व्याही काय म्हणतील, उद्या काही कमीजास्त झालं तर ते माझ्या माथी येईल, हे सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं आणि तोंडातून ते वाक्य गेलं.

हळू बोलले तरी तुळजाबाईंना ऐकू गेलं. करपल्याचा वास येणारं ते नाक, कान तरी मागे कसे राहतील? त्या लगेच म्हणाल्या, "जावा बाई तुमी. पोरीचं लगीन हाय. मी काय येनार न्हवतेच. संतोष खाली उतरला की मला हुडकंल, हितंच बरी." आणि पदराचा आडोसा करून डब्यापाशी बसल्या. माझी लाज त्यांनीच झाकली. मी गाडीत बसले.

दांडेकर पुलाच्या गर्दीत अडकलो तेव्हा मला आठवलं, तुळजाबाईंचा सिलिंडर आतच राहिला. निदान एवढं तरी करावं म्हणून मी गल्लीच्या ग्रुपवर लिहिलं, "तुळजाबाईंच्या खालच्या खोलीत सिलिंडर आहे. दार उघडंच आहे. कुणीतरी तातडीने बाहेर काढा." लगेच एक अंगठा आला. पाच मिनिटांनी निरोप आला, "काढला मॅडम." मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडा अभिमानही वाटला.

रात्री आग विझल्याचा निरोप आला. आमच्या घराच्या मागच्या भिंतीपासून दहा पावलांवर ती थांबली होती. म्हणजे तुळजाबाई घरातच बसून राहिल्या असत्या तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. मला झोप लागली नाही. पहाट झाली तशी वहिनीला काही न सांगता रिक्षा केली आणि निघाले.

त्या तिथेच होत्या, चपलांच्या जागी. शेजारी संतोष भुवया जळालेल्या चेहऱ्याने फरशीवर आडवा झोपला होता. दिवा चालू होता. तुळजाबाईंच्या पदराचं टोक काजळीने काळं झालं होतं आणि तेलाची बाटली रिकामी होती. मला बघून त्या म्हणाल्या, "लगीनघरातनं कशाला आला? बरं, आलाय तर चला. आठला पावनी येतील, त्याच्या आत पाटी उचलू."

दार सताड उघडं होतं. आत सगळीकडे राख. पाटी कोपऱ्यात उलटी पडली होती, कुणाच्या तरी पायाने उडालेली. आणि पिठात बुटांचे ठसे होते. एकावर एक, मोठे, खाचाखाचांचे, आणि त्यांच्यामधून सिलिंडर ओढत नेल्याची एक लांब रेघ.

तुळजाबाईंनी दिवा आधी जागेवर ठेवला. मग उकिडव्या बसल्या आणि एकेका ठशाच्या कडेने बोट फिरवत बघू लागल्या. बराच वेळ बघत होत्या. संतोष दारात उभा होता. मग त्या म्हणाल्या, "बाई, चस्मा हाय न्हवं तुमचा? जरा बघा. कुटं काय दिसतंय का आमच्या मानसाचं."

मी चष्मा लावला. गुडघे टेकून बसले आणि खरोखर शोधलं. माझा विश्वास नाही, तरी शोधलं. पिठाच्या एका कडेला, बुटाच्या टाचेजवळ, तीन बारीक ओरखडे होते. कशाचेही असतील. मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"हे बघा मावशी. पाखराचा पाय वाटतोय."

त्या वाकल्या, त्यांनी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "काल बी तुमी असंच बोलला हुता."

ग्रुपवर निरोप मीच टाकला होता, हे त्यांना सांगायचं मी तेव्हा ठरवलं होतं. शब्द तोंडाशी आले होते. पण बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला, पाहुणे आले, आणि तुळजाबाईंनी केरसुणी घेऊन पीठ एका कडेला गोळा करायला सुरुवात केली.