कुणाकडं अक्का

गल्लीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक माणसाला अक्का एकच गोष्ट विचारायची. कुणाकडं? कानडी माणूस असला तर ‘यार मनिगी?’ आणि अंगात शेरवानी दिसली तर ‘किसके घर कू?’ उत्तर येईपर्यंत तिचे हात पळसाची पानं टाचत राहायचे, पण नजर त्या माणसावरून हलायची नाही. तिचं नाव गुरुबसव्वा. गुलबर्ग्याच्या आमच्या वस्तीत ते फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे तिला ‘कुणाकडं अक्का’च म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. गेल्या महिन्यात ती गेली. तेव्हापासून हे लिहीन लिहीन म्हणतो आहे.

आमची वस्ती जुनं गाव आणि स्टेशन यांच्यामधल्या माळावर नव्यानं उठलेली. कुणी गिरणीत काम मिळालं म्हणून आलेला, कुणी तुरीच्या अडतीवर हमाली करणारा. कुणी निर्ण्याचा, कुणी कडगंचीचा, मी खजुरीचा. प्रत्येकाच्या मनात त्याचं त्याचं गाव, आणि शेजारच्या घरात कोण राहतं याचा पत्ता नाही. स्टेशनावर उतरलेला माणूस जुन्या गावाकडे जायला आमच्याच गल्लीतून जायचा. त्यामुळे चोऱ्या रोजच्या झाल्या होत्या. वाळत घातलेली लुगडी जात, कोंबड्या जात, पाण्यानं भरलेला हंडा पाणी ओतून नेत. लोक बाजारातून मोठमोठी कुलपं आणत होते, आणि चोर भरदिवसा येत होते.

अक्काचं विचारणं सुरू झालं ते तिच्या घंगाळापासून. नवऱ्यामागे तिनं कडगंची सोडली तेव्हा एक तांब्याचं घंगाळ तेवढं बरोबर आणलं होतं. एका सकाळी एक माणूस आला, त्यानं ते अंगणातून उचललं आणि सगळ्यांच्या देखत गल्लीतून चालू लागला. जो तो धरून चालला की तांबटाकडे डाग लावायला नेतो आहे. घंगाळ जड, डोक्यावर चढेना. तेव्हा समोरचा नागप्पा, जो गिरणीत मागावर होता, त्यानं पुढं होऊन हात लावला आणि वर ‘सांभाळून’ असंही म्हणाला.

संध्याकाळी सगळा उलगडा झाला तेव्हा नागप्पाला तोंड दाखवायला जागा उरली नाही. अक्का त्याच्यावर रागावली नाही. तिनं विचारलं, “कामून इचारलं न्हाईस रे, कुणाकडला हाय म्हणून?”

“मला वाटलं तुमच्याकडला आसंल.”

“आन् मी बघितलं आसतं तर मला वाटलं आसतं तुझ्याकडला.”

दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीच्या तोंडाशी आपल्या ओट्यावर बसू लागली. पत्रावळी आणि द्रोण करून ती लग्नाकार्यांना पुरवायची. इतके दिवस घरात बसून चालायचं ते काम तिनं बाहेर आणलं, एवढंच. शेजारी पाण्याचा माठ ठेवला. जो उत्तर देईल त्याला पाणी.

खांद्यावर रिकामं पोतं टाकलेला एक जण एकदा ‘सिद्रामप्पाकडं’ म्हणाला. आमच्या भागात सिद्रामप्पा कुठल्याही गल्लीत सापडायचाच, त्यानं अंदाजानं ठोकलं होतं. अक्कानं विचारलं, कंच्या सिद्रामप्पाकडं, थोरल्या का धाकट्या? तो म्हणाला, धाकट्या. “हितं सिद्रामप्पा एकबी न्हाई बाबा,” अक्का म्हणाली, “पाणी प्यून जा.” तो खरंच पाणी पिऊन गेला. आम्ही हसलो, तर ती म्हणाली, “नाव खोटं आसंल. तहान खरी व्हती त्याची.”

मी पत्र्याची ट्रंक घेऊन पहिल्यांदा आलो तेव्हा मलाही तिनं अडवलं होतं. अनोळखी माणसाशी आपणहून बोलायचं मला लहानपणापासून जड जातं. मी मान खाली घालून पुढं जात होतो. तिनं माझ्याकडून गाव, काम, कुणाची खोली घेतली, सगळं काढून घेतलं, आणि मी खोलीचं दार उघडेपर्यंत शाळेतले नवे मास्तर आले ही बातमी माझ्यापुढं पोचलेली होती. मग रोज मी शाळेतून पुस्तक वाचत परत येताना ती मला विचारायचीच, “मास्तर, कुणाकडं?” मी म्हणायचो, अक्का, रोज काय विचारता, मी इथलाच की. ती म्हणायची, “पुस्तकात बघत चालायलाव तुम्ही. मान वर करूस्तोर परकेच.” मी मान वर करायचो. मग कुणाच्या घरी कोण आलं आहे, कुणाचं लेकरू आजारी आहे, हे सगळं पाण्याबरोबर कानावर पडायचं. वस्तीतल्या माणसांची माझी ओळख अशी झाली, आणि मला वाटतं, त्यांची एकमेकांशीही तशीच झाली. चोऱ्या कधी कमी झाल्या ते कुणाला नेमकं सांगता येणार नाही. पण बायका दार नुसतं लोटून पाण्याला जाऊ लागल्या, हे मी पाहिलं आहे.

तिचं हे विचारणं सगळ्यांनाच आवडायचं असं नाही. तरण्या पोरांना ती पहाऱ्यासारखी वाटायची. आपल्या घरी कोण येतं याची उठाठेव हिला कशाला, असंही काही जण म्हणत. पण कुणाला विचारू नये हेही तिला कळायचं. एकदा भर उन्हात एक बाई बोचकं घेऊन रडत आली. अक्का बाजूला सरकली आणि तिनं ओट्यावर जागा केली. नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, “रडत येणारी आईकडंच आलेली आसती की.”

गल्लीच्या शेवटच्या घरात पोलिसातले जमादार राहायचे. माणूस वाईट नव्हता, पण झोपेचा फार. ते जाता येता अक्काला चिडवायचे, “अक्का, मेरी नौकरी तुमीच करो, तनखा मैं लेतूं.” एकदा त्यांचा वरचा अधिकारी, अमीन, साध्या कपड्यात अचानक तपासायला आला. अक्कानं विचारलं, किसके घर कू? तो चिडून म्हणाला, मी अमीन आहे. ती म्हणाली, व्हय साहेब, पर कुणाकडं? शेवटी त्याला ‘जमादार के घर’ असं म्हणावं लागलं, आणि मग पाणीही प्यावं लागलं. तेवढ्यात जमादारांची बायको लतीफाबी, जी अक्काजवळ बसून पानं टाचायला शिकत होती, ती मागच्या बोळातून धावत गेली आणि नवऱ्याला उठवून आली. अमीन पोचला तेव्हा जमादार पट्टा लावून दारात उभे. अक्कानं त्यांना पुढं बरेच दिवस विचारलं, “जमादार, तनखा आला का आपला?”

राज्य बदलायच्या आधीचं वर्ष फार वाईट गेलं. निजामाच्या बाजूनं हत्यारं घेतलेल्या टोळ्या फिरायच्या, आमच्यातली काही घरं सोलापूरकडे निघून गेली, राहिलेले जीव मुठीत धरून राहिले. मग भादव्यात आठवड्याभरात सगळं उलटं झालं. निजामाचं राज्य गेलं, आणि भीती गल्लीतल्या आमच्या घरांतून उठून शेवटच्या घरात जाऊन बसली. जमादारांनी वर्दी उतरवून ठेवली होती. कुठं कुणावर सूड उगवला याच्या बातम्या येत होत्या. एका सकाळी अक्का स्वतः त्यांच्या दारात गेली आणि लतीफाबीला, पोरांना आणि जमादारांना आपल्या घरी घेऊन आली. सगळ्यांच्या देखत आणलं. लपवाछपवी तिला जमत नसे.

त्याच दुपारी टोळकं आलं. सात-आठ जण असतील. काठ्या होत्या, एकाकडे कुऱ्हाड होती. गल्लीतली दारं पटापट लागली. शाळा बंद होती म्हणून मी ओट्याच्या पायरीवर बसून अक्काला पानं देत होतो. माझ्या हातातलं पान हातातच राहिलं. तिनं टाचणं थांबवलं नाही.

“कुणाकडं?”

पुढचा हसला. “जमादाराकडं. तू बस म्हातारे, गप.”

“त्या घरात कोण न्हाई. लेकराबाळांसकट माझ्याकडं हायत.”

हे ती इतक्या सहज बोलली की त्यांना पुढं काय करावं ते कळेना. त्यांची नजर तिच्या दाराकडे गेली. दार उघडंच होतं.

“माझ्याकडं आलाव म्हणा, मग बसा, पाणी देते,” अक्का म्हणाली. “न्हाई तर आनखी कुणाकडं आलाव ते सांगा.” मग तिनं मागच्या एका पोराकडे पाहिलं. “तू निर्ण्याचा न्हवं का रे? तुझ्या बहिणीच्या लग्नातल्या पत्रावळी माझ्या. वाढायला तूच फिरत व्हतास. आई बरी हाय?”

त्या पोरानं काठी पाठीमागे धरली. “बरी हाय,” तो म्हणाला.

“मास्तर, माठातलं सरलंय. आतलं पाणी आणा.”

मी आत गेलो. आत लतीफाबीनं तांब्या आधीच भरून ठेवला होता. तिनं तो माझ्या हातात दिला. मी बाहेर आलो तेव्हा नागप्पाचं दार उघडलं होतं, आणि तो येऊन अक्काच्या पलीकडे ओट्यावर बसला होता. मग आणखी एक दार उघडलं, आणि आणखी एक. निर्ण्याचा पोरगा सगळ्यांत आधी पाणी प्याला. दुसरे दोघे प्याले. पुढचा प्याला नाही. ओट्याशी जमलेल्या आम्हा सगळ्यांवरून त्यानं नजर फिरवली, आणि आल्या वाटेनं निघून गेला. बाकीचे त्याच्यामागे गेले.

जमादारांची नोकरी गेली. ते अक्काजवळ पानं टाचायला बसू लागले. त्यांच्या द्रोणातून आमटी गळायची. अक्का ते द्रोण वेगळे काढून त्यांच्याच घरी पाठवायची.

थंडी सुरू झाली आणि अक्का तापानं पडली, ती उठलीच नाही. तिच्या जातीत बसवून माती देतात. खड्ड्यात उत्तरेकडच्या बाजूला कोनाडा केला होता, त्यात तिला मांडी घालून बसवलं, हातात तिच्या गळ्यातलं इष्टलिंग दिलं. आयुष्यभर ओट्यावर बसायची तशीच दिसत होती. बायकांच्या मागे उभी असलेली लतीफाबी डोळे पुसत म्हणाली, “बैठाकेच रखे ना. अच्छा हुआ. अब उधर बी आने-जानेवालों कू पूछती बैठेंगी.” रडणाऱ्यांतले काही जण हसले.

आम्ही परत आलो तेव्हा ऊन उतरलं होतं. गल्लीच्या तोंडाशी एक माणूस ट्रंक आणि वळकटी घेऊन उभा होता. रिकाम्या ओट्यासमोर, कुणाला विचारावं ते न कळून, घुटमळत होता. मी सगळ्यांत पुढं होतो.

“कुणाकडं?” मी विचारलं.

त्याच वेळी माझ्यामागून नागप्पाचं ‘यार मनिगी?’ आलं, आणि त्याच्याही मागून लतीफाबीचं ‘किसके घर कू?’ त्या बिचाऱ्याला कळेना, कुणाला उत्तर द्यावं. मी त्याची ट्रंक हातात घेतली आणि त्याला ओट्यावर बसवलं. लतीफाबी पाणी आणायला गेली.