चार ओहम

मीटरच्या दोन्ही सुया ते आधी एकमेकींना टेकवायचे. आकडा यायचा शून्य पॉइंट तीन ओहम. "हा आपला स्वतःचा अडथळा," काका म्हणायचे. "हा आधी वजा करायचा. मग दुसऱ्याचं मोजायचं."

कॅनडातल्या कनाटात आमच्या शेजारी राहायचे हे काका. जन्मभर टेलिकॉममध्ये इंजिनीयर. तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा, शेजाऱ्याचा टोस्टर बिघडला की खूश होणारा. मी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करत असले की गॅरेजमधून हाक यायची, "अगं, तुझ्या गाडीची बॅटरी बघून देऊ का?" नको म्हटलं तरी बघायचेच.

गॅरेजमध्ये त्यांच्या मुलाची जुनी गाडी होती. एकोणिसाव्या वर्षी पोरानं तिच्या डिकीत चार सबवूफर, म्हणजे दणदणीत आवाजाचे स्पीकर, बसवले, आणि चारही सरळ समांतर जोडून टाकले. चार-चार ओहमचे चार असे जोडले की सगळे मिळून एकच ओहम उरतो. अँप्लिफायरला हवे होते चार ओहम. पाच मिनिटांत धूर! काका त्याच्या मित्रांदेखत म्हणाले, "इंजिनीयरच्या पोटी हा दगड!" आठवड्याभरात पोरगा व्हँकुव्हरला निघून गेला. बापाचा फोन उचलणं बंद.

काकू गेल्या, नोकरी संपली, तेव्हा काकांनी ती डिकी उघडली. नवा अँप्लिफायर आणला. दोन-दोन स्पीकर एकामागोमाग जोडले की जोडीचे आठ ओहम, आणि त्या दोन जोड्या समांतर केल्या की बरोबर चार. काम एका दुपारचं. काकांनी दोन हिवाळे घातले. तार सोलायची, जोडायची, मोजायची, मनासारखं नाही म्हणून परत सोडवायची. थंडीनं बोटं फुटली होती त्यांची.

"अहो, झालं की! एकदा वाजवून तर बघा," मी वैतागून म्हणायचे.

"छे, छे! पहिलं गाणं त्याचं. तो आला की तोच लावेल."

दर रविवारी व्हॉइसमेल ठेवायचे, "बाळा, चार ओहम झाले रे. ये." मला दोघांचाही राग यायचा. एकदा बोलूनच गेले, "एवढा जीव होता, तर तेव्हा तसं का बोललात?"

त्यांनी सुया टेकवल्या आणि आकड्याकडे बघत राहिले. "त्या दिवशी आपलं वजा करायचं राहिलं गं."

काहीतरी बोलायला हवं होतं मी, अजून खातं ते मनाला.

फेब्रुवारीत काका हॉस्पिटलमध्ये गेले ते परत आलेच नाहीत. अंत्यविधीला पोरगा आला नाही. घर रिकामं करायची वेळ आली तेव्हा मी त्याला फोन लावला. माझा उचलला.

"गाडीचं काय करायचं रे?"

"जस्ट स्क्रॅप इट, आंटी." मग जरा थांबून, "डझ इट प्ले?"

"माहीत नाही. पहिलं गाणं तू लावायचं म्हणून त्यांनी वाजवलंच नाही."

मग म्हणाला, "लेट देम टेक इट," आणि फोन ठेवला.

भंगारवाल्यांचा टो ट्रक आला तेव्हा किल्ली माझ्याच हातात होती. एकदा लावून बघावं असं फार वाटलं. पण वाजलं असतं तरी सांगणार कुणाला? ड्रायव्हरनं विचारलं, आतलं काही काढून घ्यायचंय का. मी नाही म्हटलं आणि किल्ली देऊन टाकली.

गाडी गेली. काकांनी जोडल्यापासून त्या डिकीतून एकदाही आवाज निघाला नाही.