भैरोबाची खोळ

पाचोऱ्याजवळच्या त्या गावात लोटन गुरवाशी कोणी आपणहून बोलायला जात नसे. गेलेला माणूस चार शिव्या खाऊनच परते. भैरोबाला शेंदूर लावायचं काम त्याचं, आणि गावाची लायकी काढायचं कामही त्यानं आपणच अंगावर घेतलेलं. "बठ्ठं गाव दीडशहाणं शे," सगळं गावच दीडशहाणं, हे त्याचं रोजचं. आणि खोटं काय होतं त्यात?

त्याला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. थरावर थर चढून झालेली शेंदराची खोळ दोन-तीन पिढ्यांनी आपोआप निखळते आणि आतला मूळ देव दिसतो. लोटनच्या आजोबानं तो पाहिला होता. सरळ नाक, मिटलेले ओठ, असं तो सांगायचा. बापाच्या नशिबी ते आलं नाही. लोटनची सत्तरी उलटल्यावर खोळीला तडा गेला. तेव्हापासून तो रोज सकाळी तडा चाचपायचा. दोन-तीन वर्षांत खोळ सुटेल, मरायच्या आधी देवाचं तोंड बघून घेऊ, एवढाच हट्ट.

पण या गावाला कसला आलाय धीर! उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग. मंदिराचे अध्यक्ष प्रेमराज नाना, त्यांना यात्रेआधी मूळ मूर्ती उघडी करायची होती. ट्रॉल्यांचा गंज काढणाऱ्या दीपकला त्यांनी हवेच्या दाबानं वाळू मारायच्या मशीनसकट बोलावलं.

"नाना, पाया पडतो, खोळ आपसूक पडू द्या," लोटन म्हणाला. लोटन कुणाच्या पाया पडतोय, हे गाव पहिल्यांदाच बघत होतं.

"आबा, दोन तासांचं काम आहे. कटकट नको," नाना म्हणाले.

कंप्रेसर धडधडला. वरचा शेंदूर ताजा, तेलकट. वाळू त्यात लोण्यात रुतावी तशी रुतून बसली. निघेना, म्हणून त्या शहाण्यानं दाब वाढवला. आता वाळू वरचा शेंदूरच खाली ठोकू लागली. जुने थर, मधला वर्ख, धुपाची काजळी, सगळ्याचा एकच लगदा.

"अरे, थर काढतोस की कालवतोस?" लोटन ओरडला. ऐकतोय डोंबल! दीपकच्या कानात बोळे. खालचे थर खापरासारखे कडक, त्यांचे टवके उडाले. शेंदूर कुठे संपला आणि दगड कुठे सुरू झाला, ते ना वाळूला कळलं, ना त्याला.

धूळ खाली बसली. लोकांनी हात जोडले.

"काय तेज आहे!" नाना म्हणाले. कसलं तेज, कप्पाळ!

लोटननं पुढे होऊन देवाच्या कपाळावर बोट ठेवलं. तिथून निघालेलं बोट हनुवटीपर्यंत कुठेच अडलं नाही.

"देवनं नाक कोठे शे रे?"

दीपकनं चष्मा काढला. त्याला चेष्टा करायची नव्हती, खरंच माहीत नव्हतं.

"आबा, नाक होतं का पण? तुम्ही बघितलं होतं?"

लोटननं पुन्हा कपाळापासून हनुवटीपर्यंत बोट फिरवलं. त्यानं कुठे बघितलं होतं?