चार वाजताचं रीडिंग

कोविडच्या दुसऱ्या लाटेत बाबा आजारी पडले, तेव्हा पोलाद कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आम्ही तिघी होतो: आई, मी आणि वहिनी. दादा कारखान्याच्या नंदिनी गावातल्या खाणीत ड्यूटीवर अडकला होता. वहिनीला लग्न होऊन जेमतेम पाच महिने झालेले. इथल्याच खुर्सीपार वस्तीतली, हिंदी मीडियमची. मी इंग्रजी मीडियमची, बायोटेकची पदवी घेतलेली. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरचे आकडे सगळ्यांना मीच समजावले. तरी दुसऱ्या दिवसापासून घर तिने हातात घेतलं.

तिने प्लांटसारख्या तीन शिफ्ट लावल्या. सकाळी सहा ते दोन आई, दोन ते दहा मी, रात्रभर ती. दर दोन तासांनी ताप आणि ऑक्सिजन वहीत लिहायचा आणि शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला तोंडी चार्ज द्यायचा, म्हणजे आपल्या वेळात काय काय झालं ते सगळं सांगायचं. ऑक्सिजन ब्याण्णवच्या खाली गेला की लगेच कळवा, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं होतं.

"मी झोपली असली तरी उठवा मले. लाजू नका, ताई," असं तिने मला तीनदा बजावलं.

आई सारखी विचारायची, "बरे होतील ना गं?" मी म्हणायची, नक्की होतील, आणि आई रडायला लागायची. वहिनी म्हणायची, "मले नाही मालूम, आई. सहा वाजता डॉक्टरले विचारू. तवरक भात टाका." आणि आई उठून खरंच भात टाकायची. ते पाहून माझा जीव जळायचा.

बाबांचं तर विचारूच नका. उभा जन्म शिफ्टमध्ये काढलेला माणूस, सुनेची वही पाहून खूश. "पोरी, तू तं फोरमन होऊन राहिली," असं दाराआडून म्हणायचे आणि खोकत हसायचे. माझ्याशी मात्र, "बेटा, पानी रख दो." मी लहान असताना शाळेने सांगितलं होतं, घरी इंग्रजीत बोला. त्यांना ते जमेना, म्हणून ते माझ्याशी हिंदीत बोलू लागले, आणि तेच राहिलं. त्यांची भंडाऱ्याकडची बोली माझ्या वाट्याला आलीच नाही. वहिनीला ती बाबांकडून पाच महिन्यांत मिळाली.

पाचव्या दिवशी दुपारी चारला ऑक्सिमीटरवर नव्वद दिसला. बोट पुसून पुन्हा लावलं. नव्वदच. वहिनी शेजारच्या खोलीत झोपली होती. दारापर्यंत गेले आणि परत फिरले. एकदा तरी हे मला, मला एकटीला, निभवायचं होतं. बाबांना पालथं झोपवलं. वीस मिनिटांनी त्र्याण्णव आला. वहीत चारच्या रकान्यात मी त्र्याण्णव लिहिलं.

सहाला वहिनी चहा घेऊन आली आणि दाराशी उभी राहून वही पाहू लागली. आतून बाबा म्हणाले, "चारले नव्वद होता. मी पाह्यला."

आई माझ्याकडे बघायला लागली. वहिनीने कप खाली ठेवला.

"ताई, नव्वद होता काय?"

"हो."

आता ती बोलणार, असं मला वाटलं. खरं म्हणजे बोलावं, असंच वाटत होतं. म्हणजे तिचा राग करायला मला जागा मिळाली असती.

"माही चूक," ती आईला म्हणाली. "मले उठवा म्हणून मी ताईले नीट सांगतलंच नाही." मग तिने डॉक्टरांना फोन लावून खरा आकडा सांगितला. ते म्हणाले, ताबडतोब भरती करा. शेजारच्या काकांनी गाडी काढली. सोबत एकच माणूस जाऊ शकत होतं. मी मागे सरकले.

"ताई जातील," वहिनी म्हणाली. "दुपारी काय झालं, हे त्याईलेच ठाव हाये. डॉक्टरले नीट सांगता येईल."

ज्या पोरीने दोन तासांपूर्वी वहीत खोटं लिहिलं, तिच्याच हाती तिने बाबांना दिलं. गाडीत मला तिचा इतका हेवा वाटत होता की भीती मागे पडली. तिच्या जागी मला हे का सुचलं नसतं, एवढाच विचार डोक्यात फिरत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून कमी आहे? मी चारचं सगळं सांगितलं: नव्वद, पालथं झोपवणं, त्र्याण्णव, वहीतलं खोटं. त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं.

मास्क लावलेले बाबा व्हीलचेअरवर बसून ऐकत होते. वाटलं, आता काहीतरी म्हणतील. त्यांनी मास्क जरासा उचलला.

"बहू को फोन कर दो," ते म्हणाले. "चिंता करून राहिली असंन."

पुढे अकरा दिवसांनी ते घरी आले. पण तेव्हा, त्या क्षणी, हे ठाऊक नव्हतं. मी बाहेर जाऊन फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला, आणि मी तिला चार्ज दिला.